न्हाव्यासमोरून उठून आलास, दादा

दादा, तुझी पत्र्याची पेटी अजून खाटेखालून अर्धी बाहेर आलेलीच आहे. तू ओढलीस तेवढीच. काल झाडताना मी ती आत सारायला गेलो तर वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. वाटमा नही येस ती." खरं तर ती वाटेतच येते. आबांच्या पायाला दोनदा लागली. तरी कोणी हलवत नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. माणसं येतात, ओट्यावर बसतात, तंबाखू मळतात आणि म्हणतात, "त्यानं आयुष्यच तेवढं व्हतं." मी मान डोलावतो. घरात शाळामास्तर आहे म्हणून मीच पाणी देतो, मीच त्यांच्याशी दोन शब्द बोलतो. पण मनात प्रत्येकाला सांगत असतो की तेवढं नव्हतं. तुझं आयुष्य पुष्कळ होतं. तुझ्या मेंदूत बोराएवढी एक गाठ होती, तीसुद्धा वाईट जातीची नाही, आणि ती काढणारा माणूस मुंबईत हात धुऊन तयार उभा होता. तू उठून आलास. मी तुला येऊ दिलं. हे ओट्यावर सांगता येत नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

दोन वर्षं तुझं डोकं दुखत होतं आणि दोन वर्षं आपण सगळे हुशार होतो. आधी ठरलं, मिरचीची धूळ. तू नंदुरबारला मिरचीच्या गोण्या घेऊन जायचास, ढिगापाशी दिवस काढायचास, तेव्हा डोकं दुखणारच. मग ठरलं, पित्त. मग ऊन. आबांनी डाग देणारा आणला. दोन्ही कानशिलांवर तापल्या विळ्याचे डाग घेऊन तू उठलास आणि म्हणालास, "आते डोकं पन दुखस आनि चामडं पन." सगळे हसले. मीही हसलो. तुझी ही सवयच घातकी होती. जिथे ओरडायला हवं तिथे तू गंमत करायचास, आणि आम्हाला वाटायचं, गंमत करतोय म्हणजे फार काही नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. डोकं दुखायला लागलं की तू खाटेवर आडवा पडून मान उजवीकडे खाली लोंबकळत टाकायचास. पाच-दहा मिनिटांत दुखणं एकदम थांबायचं, कळ दाबल्यासारखं. वहिनी म्हणायची, "वटवाघूळ टांगायनं आमनं." त्यात काही विचारण्यासारखं आहे हे मला कळू नये? मी मुलांना निरीक्षणाचे धडे शिकवतो. बीज कसं रुजतं ते ओल्या फडक्यात दाखवतो. आणि माझा भाऊ रोज माझ्यासमोर उलटी मान टाकून पडायचा, तेव्हा मी ओसरीवर वाचत बसलेला असायचो.

मग तू पडायला लागलास. म्हसावदच्या बाजारात पहिल्यांदा. चालता चालता तुझे गुडघे गेले, तू बसकण मारलीस, आणि लगेच उठून धोतर झटकलंस. शुद्ध गेली नाही, तोंडाला फेस नाही. लोकांनी ठरवलं, दारू. ज्या माणसाने मोहाच्या फुलाचा वासही कधी घेतला नाही तो बाजारात झिंगून पडला, ही बातमी तुझ्याआधी घरी पोचली. तू ती घालवायची सोडून वाढवलीस. वाटेत कोणी भेटलं की म्हणायचास, "सकायमाच चढाई लिन्ही ना भाऊ आज, संभाळीसन चालू दे." आबांना ते ऐकून तीन दिवस जेवण गेलं नाही. तुला माहीत तरी होतं का?

मिशनच्या दवाखान्यात मी तुला ओढून नेलं, एवढं एक काम माझ्या नावावर आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या डोळ्यात दिव्याचं यंत्र धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला बाहेर बोलावून सांगितलं की डोळ्याच्या मागे जिथे शीर मेंदूला मिळते तिथे सूज आहे, म्हणजे डोक्याच्या आत दाब वाढलाय. दृष्टी जाईल, आणि तेवढ्यावर थांबणार नाही. मुंबईला न्या. लवकर न्या.

तू म्हणालास, मिरची खळ्यावरून उठू दे. सहा आठवडे, दादा. ते सहा आठवडेसुद्धा मी तुला माफ केले असते, कारण त्यानंतरही वेळ होता. तेच तर मला जाळतं. प्रत्येक उशिरानंतरही वेळ होता.

मुंबईचे डॉक्टर तुला आवडले होते. विलायतेहून शिकून आलेले, पण बोलणं आपल्या माणसासारखं. त्यांनी तुला तपासायच्या आधी नुसतं विचारलं, "मान एका बाजूला टाकली की थांबतं का?" तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू हा माणूस आपल्या अंगणात येऊन गेलाय. "यासले कोनी सांगं?" मला हळूच विचारलंस. कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, दादा. मी वाचली नाहीत अशा पुस्तकांत.

डोक्याच्या मागच्या बाजूला दोन ठिकाणी रुपयाएवढे केस काढून त्यांनी दोन बारीक भोकं पाडली. आतलं पाणी काढून त्या जागी हवा भरली आणि एक्स-रे फोटो घेतला. त्या दिवशी तुझा जीव गेल्यासारखा झाला. उलट्या, घाम, थंडी. दुसऱ्या दिवशी उठून बसलास आणि भोकांवरच्या पट्टीला हात लावून म्हणालास, "मास्तर, उंदीरसनी दोन बिळं कोरी टाकात." मी पुन्हा हसलो.

डॉक्टरांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून आपल्या दोघांना दाखवला. काळ्या पसरट आकृत्या, त्या हवेच्या, आणि मधोमध एक गोल पांढरा ठिपका. म्हणाले, मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यात पाणी सतत बनतं आणि एका अरुंद वाटेने पुढे जातं. त्या वाटेच्या तोंडाशी ही गाठ आहे. आत खळीसारखा चिकट पदार्थ भरलेली पिशवी. डोकं एका बाजूला झालं की ती सरकते, वाट मोकळी होते. डोकं वाकलं की बसते घट्ट. तू लगेच म्हणालास, "म्हनजे पाटना तोंडमा ढेकूळ." डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "अगदी तेच. आणि ढेकूळच आहे, विष नाही. काढलं की काम झालं." तू म्हणालास, "मंग पायवरी सारी द्या ना, साहेब." ते मोठ्याने हसले. पण नंतर त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, डोकं उघडून आत जायचं आहे, धोका आहे, मोठा धोका आहे. न जाण्यात त्याहून मोठा आहे, आणि तो कधी समोर येईल ते मी सांगू शकत नाही. एखाद्या दिवशी वाट पुरती बंद होईल आणि मग दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळणार नाही.

तू म्हणालास, "कापा." इतक्या सहज, जणू वांग्याबद्दल बोलतोयस. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरली.

आणि सकाळी न्हावी आला.

इस्पितळातला म्हातारा न्हावी, कोकणातला असावा. वाटीत पाणी, काखेत धोपटी. तुझ्या खाटेपाशी टेकून म्हणाला, "बसा पाहुणे खाली. पाच मिनिटांचं काम." तू विचारलंस, "किती काढशी?" तो म्हणाला, "सगळंच. डोक्याचं काम म्हणजे पूर्ण डोकं. मिशी राहू द्या, मिशीवर डॉक्टरांचा काही दावा नाही." तू टोपी काढली नाहीस. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "आबा जिता शेतस."

मला आधी कळलंच नाही तू काय म्हणतोयस. मग कळलं आणि अंगातून सगळं रक्त डोक्यात गेलं. बाप जिवंत असताना मुलाने डोकं भादरायचं नाही. भादरलं की बाप गेल्याची खूण. हे मलाही माहीत होतं, तुझ्याइतकंच. आपल्या चुलतभावाने सुरतेच्या गिरणीत जाऊन केसांचा गोटा करून घेतला आणि तसाच गावी आला, तेव्हा आबांनी दारातच त्याला विचारलं होतं, "कोन मरनं रे तुन्हा घर?" पंगतीत त्याचं पान मांडू दिलं नाही. तू तेव्हा आबांच्या मागेच उभा होतास. मी पण.

पण त्याची ती हौस होती. तुझ्या मेंदूत गाठ होती!

न्हावी वाटी हातात धरून उभा राहिला आणि आपण दोघं व्हरांड्यात गेलो. किती वेळ भांडलो? दुपारची जेवणं वाटून गेली होती तोवर. तू फार बोलत नव्हतास. एकच म्हणत होतास, "आबाले काय वाटी? मी त्यासना डोया देखत त्यासले मारू का?" आणि मी बोलत होतो. देवा, किती बोलत होतो. रूढी म्हणजे काय, ती कुठून आली, केस म्हणजे नखासारखं मेलेलं अंग, बापाच्या आयुष्याचा आणि मुलाच्या केसांचा संबंध कोणी सिद्ध केलाय का. तू ऐकलंस आणि म्हणालास, "मिशी ऱ्हाई आनि डोकं गोटा, काय सोंग दिसू रे मी." मी आणखी चिडलो.

मग तू विचारलंस, आणि हे मी तुला पुन्हा सांगतो कारण तू विसरला असशील, मी विसरणार नाही. तू विचारलंस, "आबाले तार करू का?"

तारऑफिस रस्त्याच्या पलीकडे होतं. व्हरांड्यातून त्याची पाटी दिसत होती.

मी म्हणालो, "नाही. त्यांना विचारायचा प्रश्नच येत नाही. डोकं तुझं आहे."

दादा, मला तुला बरं करायचं होतं, खोटं नाही. पण त्या घटकेला मला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं. तुझं डोकं आबांच्या परवानगीने भादरलं गेलं असतं तर मी हरलो असतो. मला हवं होतं की तू स्वतःहून, माझ्या बोलण्याने, टोपी काढावीस. तू चौथीत शाळा सोडून औताला लागलास म्हणून मी पुढे शिकलो. गाडी जुंपून तू मला नंदुरबारच्या शाळेत सोडलंस, वाटेत माझ्या पुस्तकातले धडे मोठ्याने वाचायला लावलेस, आणि उतरताना म्हणालास, "माले बी आते येस ते." तुझ्या त्या उपकाराचं मी काय केलं? एक माणूस तार करतो म्हणतोय आणि मी त्याला तत्त्व शिकवतोय. एवढंच केलं.

पण तुझाही राग आहे मला. माझ्या "नाही"ला तू कधी भीक घातली होतीस? लहानपणी मी नाही म्हटलेलं एकही काम तू न करता राहिला नाहीस. त्या दिवशीही रस्ता ओलांडून गेला असतास तर मी काय पाय धरणार होतो? तू गेला नाहीस, कारण तुला उत्तराची भीती होती. आबा "नाही" म्हणाले तर तुला मरावं लागलं असतं, आणि "हो" म्हणाले तर त्यांना आपण जड झालो असं वाटून घेतलं असतंस. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. ही तुझी माया मला आता सहन होत नाही.

डॉक्टरांनी तुझ्यावर आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं चढवतील. भोकांतून पाणी काढल्यामुळे तुझं डोकं हलकं झालं होतं, ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, "आत्ता बरं वाटतंय ते मी पाणी काढलंय म्हणून. ते पुन्हा साचणार. आठ दिवसांच्या आत परत या. बरं वाटतंय म्हणून थांबू नका. वाकू नका, ओझं उचलू नका." मला बाजूला घेऊन विचारलं, "कारण काय?" मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, दादा. विलायतेहून आलेल्या माणसाला माझा भाऊ केसांसाठी उठतोय हे सांगायची लाज. म्हणालो, "घरी विचारून येतो." जे करायचं नाही म्हणून तीन तास भांडलो, तेच तोंडातून गेलं.

सुरतेला गाडी बदलताना तू भजी घेतलीस. किती दिवसांनी तुझं तोंड उजळलं होतं. खिडकीपाशी बसून म्हणालास, "देख, तापी." मी पाहिलं नाही. सुरतेपासून नंदुरबारपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तू दोनदा द्रोण पुढे केलास, मी पुस्तक वर केलं. तुझ्यासोबतचा शेवटचा प्रवास मी असा केला. डोकं न दुखणारा तू, आणि पुस्तकामागे मी.

घरी आल्यावर तू आबांना सांगितलंस, "दवाई दिन्ही. बरं शे." मी कपडे बदलत होतो, ऐकलं आणि गप्प राहिलो. तुझं तू बघ, असं मनात म्हणालो. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी तू न्हायला बसलास आणि वहिनीला तुझ्या डोक्यामागचे ते दोन रुपये दिसले. तिने तुला विचारलं नाही, मला विचारलं. मी सगळं सांगितलं.

वहिनी या घरात आल्यापासून आबांशी एकदाही थेट बोललेली नव्हती. भाकरी हवी का हेसुद्धा तुझ्याकडून किंवा माझ्याकडून विचारायची. त्या दुपारी ती सैपाकघराच्या दारामागे उभी राहिली, पदर पुढे ओढला, आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, डोकं भादरनं पडी म्हनीसन त्या उठीसन घर उनात. डॉक्टर कापाले तयार व्हता." तिचा आवाज या घराने पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता हातात तसाच राहिला. तू खाटेवर होतास, तुला आठवतंय त्यांचं तोंड? मला वाटलं आता ओरडतील. ते इतकं हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"माले कोनी इचारं व्हतं का?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मन्हा आंडोर मराले टेकना आनि मी त्याना केस सांभाळू का? डोकं भादराले मन्हं काय जास?"

तू म्हणालास, "आबा, सुरतवालाले तुम्हीन दारमातून..." आबा म्हणाले, "त्याले गोटा कराले काय रोग व्हता? तुले रोग शे." एवढा सोपा फरक. त्यांच्या मनात तो पहिल्यापासून होता. आपल्या दोघांच्या मनात नव्हता, कारण आपण आबांना दारातल्या त्या एका वाक्याएवढंच समजत होतो. मी तर त्यांना त्याहूनही लहान समजत होतो. मी त्यांना रूढी समजत होतो.

मग ते उठले, तुझ्याजवळ आले, तुझी टोपी काढली आणि त्या दोन रुपयांवर बोट फिरवलं. म्हणाले, "मी येस संगे. न्हावीले मी सांगसू."

त्या क्षणी निघायला हवं होतं. संध्याकाळची गाडी होती. पण आबांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं पंचांग माझ्याकडून पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी चौदस, परवा अमावास्या. "अमुस जाऊ दे. तेरवाले निंघू." ज्याने बापाच्या जिवाची रूढी एका दमात बाजूला सारली, त्याला अमावास्या ओलांडवेना. आणि मी? तीन तास व्हरांड्यात बोलणारा मी? मी पंचांग परत खिळ्याला अडकवलं. एवढं मिळालं होतं, आता तिथीवरून आणखी वाद कशाला, असं वाटलं मला. आठ दिवसांत बसत होतं. मी बोटांवर मोजलं आणि बसत होतं.

अमावास्येच्या दुपारी मी ओसरीवर होतो. तू आत होतास. वहिनी म्हणाली, उद्याच्या प्रवासाची पेटी मी काढते, तुम्ही वाकू नका. तू म्हणालास, "पेटीच शे ना, मोट नही." मग पत्रा जमिनीवर घासल्याचा आवाज आला. मग काही नाही. मी आत आलो तेव्हा तू पेटीच्या कडीवर हात ठेवून गुडघ्यावर होतास, कपाळ खाटेच्या कडेला टेकलेलं. मी तुला आडवं केलं, मान उजवीकडे टाकली, तशी, खाली लोंबकळत. पाच मिनिटं. दहा. तू दरवेळी यायचास त्यातून. या वेळी श्वास मोठा होत गेला, मग दूर दूर होत गेला. आबा तुझ्या पायांशी उभे होते आणि सारखे म्हणत होते, "ऊठ, जाऊ आपन. आते जाऊ. ऊठ." गाडी जुंपायला माणूस धावला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, पोचायला वेळ मिळाला नाही.

तुला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मी दिला. दहाव्याला तापीकाठच्या प्रकाशा गावी गेलो. न्हावी बसला, मी समोर बसलो, तेव्हा कोणीतरी म्हणालं, अरे, याचा बाप जिवंत आहे, याला कसं भादरता येईल? दोन म्हातारे वाळूत जरा बाजूला गेले. एकाने नाकात तपकीर ओढली. परत येऊन म्हणाले, "पानी देवाले बसना शे, त्याले चालस." बस. तेवढ्यात झालं. तपकीर ओढायला लागते तेवढ्या वेळात वाट निघाली. मेलेल्या भावासाठी चालतं! जिवंत भावाच्या स्वतःच्या डोक्यासाठी कोणी ती वाट शोधली नाही, तू नाही, मी नाही. वस्तरा चालत होता आणि मी इतक्या मोठ्याने हसलो की न्हाव्याने हात थांबवला. लोकांना वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलं. आबांना तसं वाटलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

आता आबा जिवंत आहेत आणि माझ्या डोक्यावर एक केस नाही. त्यांना काही झालेलं नाही. रोज दूध पितात, रोज माझ्या गोट्याकडे पाहतात.

काल मुंबईहून डॉक्टरांचं पत्र आलं. इंग्रजीत, चार ओळींचं. आठ दिवस होऊन गेले, रोगी आला नाही, तब्येत कशी आहे ते कळवावं. आणि खाली लिहिलं होतं: रोग्याने ऐन वेळी नकार का दिला ते स्पष्ट कळवलंत तर उपकार होतील. तुमच्या बाजूचा दुसरा रोगी आला तर त्याला समजावताना मला उपयोग होईल.

मी आबांना वाचून दाखवलं. ते उठून माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "लिख. बापनी ना पाडी."

"तुम्हीन नही म्हनंच नही, आबा."

"तू लिख ना! त्या डॉक्टरनी कोठे माले देखं शे? बाप आडमुठा व्हता, लिख. मन्हा आंडोर येडा व्हता असं त्याले वाटाले नको."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते हट्टाने बोलत होते, बाजारात भाव ठरवताना बोलतात तसे. आणि दादा, मला त्यांचा इतका राग आला. मेल्यावर तुला असं झाकायचं. तू त्यांना झाकलंस, ते तुला झाकणार, आणि या झाकाझाकीत जो माणूस उघडा पडून मेला तो तूच. मी म्हणालो, "तसं लिखं तर तो डॉक्टर पुढला बापले इचारनार नही, आबा. बाप ना पाडस असं तो धरी चाली. मंग पुढला पोऱ्या बी उठी जाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दौत पुढे ओढली आणि त्यांच्यासमोर लिहिलं, आणि लिहून झाल्यावर आपल्या बोलीत वाचून दाखवलं. माझा भाऊ वारला. वडील हयात असताना मुलगा डोकं भादरत नाही, या कारणाने तो उठला. वडलांची हरकत नव्हती. त्यांना कोणी विचारलं नाही. भाऊ तार करणार होता, मी करू दिली नाही. पुढे आमच्याकडचा कोणी आला तर न्हाव्याला पाठवण्याआधी त्याच्या बापाला तार करावी आणि बापाला सोबत बोलवावं.

आबा म्हणाले, "तुन्हं नाव काबर लिखं त्यामा? एक तर गया मन्हा."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा की सुलटा त्यांना कळत नाही, तरी पूर्ण पाहिला, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे परत दिला.

"मंग आजच धाड," म्हणाले.

मी टोपी न घालता उन्हातून गेलो आणि पत्र टाकून आलो, दादा.